अटीवर मिळालेला प्रवेश : डॉ. कमला सोहोनी यांचे जीवन

महाराष्ट्रातील शास्त्रज्ञांची नावे घ्यावयाची झाली तर त्यांत डॉ. कमला सोहोनी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. जीवरसायनशास्त्र हा त्यांचा विषय. दूध, डाळी, कडधान्ये, नीरा अशा सामान्य माणसाच्या अन्नाचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविले. १८ जून २०२३ रोजी गूगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा आमच्या काही विद्यार्थिनींनी ह्या बाई कोण असे विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत देण्यासारखे नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

मात्र त्यांच्या मानसन्मानांची यादी देणे हा ह्या लेखाचा हेतू नव्हे. एका मोठ्या संस्थेने त्यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, नंतर अटी घालून दिला, आणि त्या अटी पाळता पाळता त्यांनी इतर मुलींसाठी ते दार कसे उघडून ठेवले, हा भाग आपल्या गावातील पालकांनी सावकाश वाचावा असे मला वाटते. मुलींनी विज्ञान, अभियांत्रिकी वा व्यापार यांत पडावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडील बऱ्याच घरांतून अद्याप मिटलेला नाही.

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. सुप्रसिद्ध विदुषी दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा ह्या नात्याने आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे उभ्या राहिल्या त्याच ह्या दुर्गाबाई. एक बहीण लोकसाहित्याकडे व मानवशास्त्राकडे वळली, दुसरी रसायनशास्त्राकडे. आणि दोघींचाही ताठ कणा महाराष्ट्राने पुढे पाहिला.

वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत त्यांचे शिक्षण झाले होते. जमशेटजी टाटांच्या दूरदृष्टीतून ही संस्था १९०९ साली स्थापन झाली, म्हणून जुने लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. भागवतांचे दोघे बंधू तिच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी होत. त्यामुळे ज्या काळी मुलीने इंग्रजी शाळेत जाणे हीच बातमी होती, त्या काळी ह्या घरात प्रयोगशाळा हा शब्द नित्याचा होता. आपणही वडिलांच्याच संस्थेत जाऊन संशोधन करावे असे कमलाबाईंना लहानपणापासून वाटत आले असल्यास नवल नाही.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेत रसायनशास्त्र हा मुख्य विषय व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन उत्तीर्ण झाल्या. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव अग्रस्थानी होते. त्यांनी बंगलोरच्या संस्थेकडे अर्ज पाठविला. अशा विद्यार्थ्याला प्रवेश मिळणार यात शंका घेण्याचे कारणच नव्हते. परंतु अर्ज नामंजूर झाला. कारण गुणांचे नव्हते, विषयाचे नव्हते आणि जागेचेही नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते.

हा नकार कोणी दिला ते पाहण्यासारखे आहे. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळविलेले, त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक, आणि ज्यांच्या शोधाच्या स्मरणार्थ आपण २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन साजरा करतो ते रामन. स्त्रियांकडून संशोधनाचे काम निभणार नाही अशी त्यांची समजूत होती. मुलींना मागे ठेवणारे लोक अडाणी असतात असे आपण धरून चालतो. प्रकाशाचे किरण ज्यांना इतके बारकाईने दिसले त्यांना समोर उभ्या असलेल्या मुलीची योग्यता दिसली नाही, ही गोष्ट आपण विज्ञान दिनाच्या भाषणांत कधी सांगत नाही. सांगावयास हरकत नसावी. त्याने रामन यांच्या शोधाचे मोल कमी होत नाही.

कमलाबाई बंगलोरला गेल्या व त्यांनी संचालकांना कारण विचारले. समाधान होईना, तेव्हा त्यांनी त्यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रह आरंभिला. काळ गांधीजींचा होता. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात हजारो स्त्रिया घराबाहेर पडल्या होत्या व तुरुंगातही गेल्या होत्या. कमलाबाई स्वतः गांधीजींच्या विचारांच्या. परकीय सरकारविरुद्ध वापरले गेलेले हे हत्यार एका मुलीने महाविद्यालयातील प्रवेशासाठी, तेही आपल्याच देशातील थोर पुरुषासमोर वापरावे, याची त्या वेळी कोणी कल्पना केली नसेल.

अखेरीस रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. त्या वर्षभर परीक्षेवर राहतील. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. संचालकांचे स्वतःचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामाला मान्यता मिळणार नाही. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट वाचताना आजही मन विषण्ण होते. लक्ष विचलित होणार मुलांचे, आणि जबाबदारी मात्र मुलीची!

कमलाबाईंनी ह्या अटी मान्य केल्या. त्या न्याय्य वाटल्या म्हणून नव्हे, तर आत गेल्यावाचून काहीच सिद्ध करता येणार नव्हते म्हणून.

ह्या ठिकाणी थोडे विषयांतर करतो. पालकसभांतून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. मुलगी दहावीला उत्तम गुण मिळवून विज्ञान शाखेकडे जाऊ इच्छिते तेव्हा घरचे बहुधा सरळ नाही म्हणत नाहीत. एक वर्ष बघू म्हणतात. जमले तर पुढे, नाही तर घरी. ऐकावयास हे समजूतदारपणाचे वाटते. परंतु मुलाला असे सांगितलेले निदान माझ्या कानांवर आलेले नाही. मुलगा बारावीला अडखळला तर पुन्हा बसतो. अभियांत्रिकीला गेल्यावर एटीकेटी घेत घेत चार वर्षांची सहा वर्षे करतो आणि घरात त्याला धीर दिला जातो. मुलीचा एक विषय राहिला की तिचे शिक्षण थांबते. एवढ्यावर भागले असते तरी एक वेळ चालले असते. तिच्या धाकट्या बहिणीच्या वेळी आणि शेजारच्या मुलीच्या वेळीही तोच दाखला दिला जातो. एकीच्या प्रगतिपुस्तकावर सगळ्या गल्लीचा निकाल लावला जातो. बंगलोरला १९३३ साली कमलाबाईंवर जे ओझे टाकले गेले ते हेच होते. त्या एकट्या नापास झाल्या असत्या तर कमला भागवत नापास झाल्या असे कोणी म्हटले नसते. स्त्रिया नापास झाल्या असेच ठरले असते.

बंगलोरला त्यांचे मार्गदर्शक होते श्री. श्रीनिवासय्या. मोठे शिस्तीचे व कष्टाळू शिक्षक. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम चाले. दूध व कडधान्ये यांतील प्रथिने हा अभ्यासविषय होता. प्रथिन म्हणजे शरीराची बांधणी करणारा घटक. मांस, मासे, अंडी ज्यांना रोज परवडत नाहीत त्यांना तो मुख्यतः डाळी-कडधान्यांतूनच मिळतो. म्हणजे सत्तेचाळीसच्या आधीच्या त्या भुकेल्या हिंदुस्थानात हा केवळ पुस्तकी विषय नव्हता. वर्ष संपले. रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. १९३६ साली त्या एम. एस्‌सी. विशेष प्राविण्यासह उत्तीर्ण झाल्या.

त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. रामन यांच्या स्वतःच्या हाताखालीही पुढे काही मुलींनी काम केले. त्यांतील अण्णा मणी १९४० साली तेथे आल्या, हिरे व माणके यांच्यावर प्रकाशाचा अभ्यास केला, प्रबंधही लिहिला. परंतु आधी एम. एस्‌सी.ची पदवी नाही ह्या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. त्या डगमगल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या वेधशाळेत त्या रुजू झाल्या आणि हवामान मोजण्याची उपकरणे, जी तोपर्यंत परदेशांतून येत, ती येथेच तयार करविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. पर्जन्यमापक, वायुभारमापक, वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे यांचे आराखडे, जुळणी, तपासणी हे सगळे त्यांच्या देखरेखीखाली होई. आज ज्याला आपण तंत्रज्ञान म्हणतो ते हेच. कमलाबाईंनी दार उघडले हे खरे. ते पूर्ण उघडले गेले असे मात्र म्हणवत नाही.

अभियांत्रिकीकडे मुली ह्याच सुमारास वळल्या. मद्रासजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात १९४० च्या सुमारास ए. ललिता ह्या तरुण विधवेने प्रवेश घेतला. पदरी लहान मुलगी होती. विजेच्या अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या त्या भारतातील पहिल्या स्त्रिया होत. त्यांचे वडील त्याच महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, म्हणून तो प्रवेश शक्य झाला.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. नारायणराव भागवत रसायनशास्त्रज्ञ होते, ललिताबाईंचे वडील प्राध्यापक होते. दोघींच्याही घरात ते दार कोठे आहे हे ठाऊक असलेला माणूस होता. आपल्या भिवंडीत किती वडिलांना हे ठाऊक आहे? जो बाप बारा-बारा तास यंत्रमागांच्या खडखडाटात उभा असतो, त्याला मुलीच्या हुशारीचा अभिमान कमी असतो असे मुळीच नाही. परंतु कोणती परीक्षा द्यावी, अर्ज कोठे व कधी करावा, वसतिगृह कोठे मिळते, शुल्कात सवलत कोणाला मिळते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. जे भागवतांच्या घरात जेवता जेवता बोलले जात होते ते आपल्याकडे शाळेला बोलावे लागेल, शिक्षण संस्थांना बोलावे लागेल. उदाहरणार्थ, महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. आपल्यापैकी कित्येक घरे ह्यांत बसत असतील. ज्यांच्या मुली बारावीला आहेत त्यांनी महाविद्यालयाच्या कचेरीत ह्याची चौकशी अवश्य करावी.

आता पुन्हा कमलाबाईंकडे वळू.

१९३७ साली शिष्यवृत्ती घेऊन त्या इंग्लंडला, केंब्रिजला गेल्या. तेथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. बंगलोरचे संचालक नोबेलचे मानकरी, केंब्रिजचे प्रमुखही नोबेलचे मानकरी. वागणुकीत मात्र मोठे अंतर. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत स्त्रियांना मुक्तद्वार होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९४५ साली प्रथमच दोन स्त्रियांना सभासद करून घेतले. त्यांतील मार्जरी स्टीफन्सन ह्या ह्याच प्रयोगशाळेच्या.

कमलाबाई पोहोचल्या तेव्हा प्रवेशाची मुदत उलटून गेली होती व प्रयोगशाळेत टेबल रिकामे नव्हते. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकांनी आपले टेबल त्यांना दिवसा वापरण्यास देऊ केले व स्वतः रात्री काम करण्याचे ठरविले. ह्या एका साध्या गोष्टीची नोंद इतिहासात राहिली, कारण बंगलोरच्या अटींनंतर ती आली. रिक्टर पुढे दुसरीकडे गेल्यावर कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम सुरू केले.

त्यांचा शोध काय होता ते आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मला समजावून सांगितले, ते येथे देतो. प्रत्येक सजीव पेशीला काम करण्यासाठी शक्ती लागते. अन्न व प्राणवायू यांच्या साहाय्याने पेशी ती तयार करते; हाच पेशीचा श्वास. ह्या क्रियेत विद्युत्कण एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे साखळीने पोहोचविले जातात. साखळीतील एक कडी म्हणजे सायटोक्रोम सी हे प्रथिन. प्राण्यांच्या पेशींत व यीस्टमध्ये सायटोक्रोम असतात हे केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली दाखवून दिले होते. कमलाबाई बटाट्यावर काम करीत होत्या. त्यांना बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडले, आणि वनस्पतींच्या श्वसनातही ह्या पदार्थाचा वाटा असतो हे त्यांनी दाखवून दिले. बटाट्यालाही आपल्यासारखाच श्वास आहे, असे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवले तरी पुरे.

हे सर्व काम त्यांनी अवघ्या चौदा महिन्यांत पुरे केले. प्रबंध होता चाळीस पानांचा. प्रकल्पाची वही जितकी जाड तितके गुण अधिक, अशी समजूत असलेल्या विद्यार्थ्यांनी हा आकडा ध्यानी घ्यावा. १९३९ साली केंब्रिजने त्यांना डॉक्टरेट दिली. एका भारतीय स्त्रीने विज्ञानात हा मान त्या विद्यापीठाकडून मिळवावा ही फार मोठी गोष्ट होती. विज्ञानातील पहिल्या भारतीय महिला डॉक्टर असा त्यांचा सरसकट उल्लेख केला जातो. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डॉक्टरेट दिली होती, तेव्हा तो शब्द जपून वापरावा. कमलाबाईंचे मोठेपण पहिलेपणावर अवलंबून नाही. आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. केंब्रिजनेही स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवीचे पूर्ण हक्क १९४८ सालापर्यंत दिले नव्हते. गोरे पुढारलेले व आपण मागासलेले, असा सोपा हिशेब येथेही जमत नाही.

त्यांना परदेशात राहता आले असते. त्या १९३९ सालीच मायदेशी परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख, नंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. कुन्नूरला त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सोहोनी हे विमागणिताचे तज्ज्ञ होते व मुंबईस असत. तेव्हा कमलाबाई मुंबईस आल्या आणि फोर्टमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ह्या शासकीय संस्थेच्या नव्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या. विवाहामुळे गाव बदलले, काम बदलले नाही. विवाहाच्या वेळी त्यांचे वय छत्तीस होते, हेही नमूद करून ठेवतो.

मुंबईतील त्यांचे काम आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळचे आहे. कोकणातल्या घरी वालाचे बिरडे करावयाचे झाले म्हणजे वाल आदल्या दिवशी भिजत घालतात, फडक्यात बांधून मोड आणतात, सोलतात आणि मग चांगले शिजवितात. कोणी सुगरण कच्चे वाल ताटात वाढीत नाही. का वाढीत नाही, ह्याचे एक शास्त्रीय उत्तर कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोधले. आपल्या आतड्यांत ट्रिप्सिन नावाचा पाचक रस प्रथिने फोडण्याचे काम करतो. कच्च्या कडधान्यांत ह्या ट्रिप्सिनला अडवून ठेवणारे पदार्थ असतात. पोटात प्रथिन जाते, पण अंगी लागत नाही. नीट शिजविल्यावर हा अडसर बऱ्याच अंशी नाहीसा होतो. वाल व डबल बी यांतून हे अडवणारे पदार्थ शुद्ध स्फटिकरूपात वेगळे काढण्यात कमलाबाईंना व के. एस. आंबे यांना यश आले, आणि त्यांचा तो निबंध १९५५ साली नेचर ह्या जगप्रसिद्ध ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. आपल्या आजी-नानी पिढ्यानपिढ्या जे हाताने करीत आल्या, त्याचे कारण फोर्टमधल्या एका प्रयोगशाळेत असे उलगडले. विज्ञान हा मुलींच्या हाताबाहेरचा विषय आहे असे म्हणणाऱ्यांनी हे बिरडे आठवावे.

दुसरा विषय नीरेचा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ह्या कामास हात घातला. येथे एक खुलासा केलेला बरा : नीरा म्हणजे ताडी नव्हे. ताड वा शिंदी यांचा रस सूर्योदयापूर्वी उतरवून ताजा प्यायला तर तो गोड व निर्मद असतो. ऊन चढल्यावर तो आंबतो, तेव्हा त्याची ताडी होते. नीरेत अ व क जीवनसत्त्वे आणि लोह असते, आणि तिचा गूळ किंवा काकवी केली तरी त्यांतील पोषण बऱ्याच अंशी टिकते, असे कमलाबाईंनी दाखवून दिले. कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर मातांना ही स्वस्त जोड दिल्यास त्यांची प्रकृती सुधारते असेही दिसून आले. ह्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आपल्या शेजारच्या शहापूर, वाडा, जव्हार ह्या भागांतील आदिवासी पाड्यांवर कुपोषणाचा प्रश्न अजून आहे, म्हणून हे विशेष करून लिहिले.

आरे दूध योजनेच्याही त्या सल्लागार होत्या. दुधाची प्रत सुधारावी, ते नासू नये, यासाठी त्यांनी मार्गदर्शन केले.

एवढे करूनही संस्थेचे संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. अंतर्गत राजकारणामुळे ते सुमारे चार वर्षे लांबले. अखेर त्या संचालक झाल्या. स्त्रीने ते पद भूषविण्याची ती पहिलीच वेळ होती. केंब्रिजला ज्यांनी आपले टेबल दिले होते त्या डेरेक रिक्टर यांनी त्यांचे आवर्जून अभिनंदन केले. बंगलोरला परीक्षेचे एक वर्ष, मुंबईला प्रतीक्षेची चार. एकदा पास झालेल्या माणसाला पुनःपुन्हा पास होण्यास सांगितले जाते ते असे.

निवृत्तीनंतरचा त्यांचा कार्यभाग व्यापाराशी संबंधित आहे, आणि भिवंडीसारख्या बाजारपेठेत तो विशेष समजण्यासारखा आहे. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, १९८६ साली झाला. कमलाबाई ह्या संस्थेच्या आरंभापासूनच्या सदस्या होत्या. हळदीत रंग, तेलात भेसळ, दुधात पाणी, वजनात खोट, ह्या तक्रारी गृहिणी रोजच करीत असत. पण घरातली कुरकुर म्हणून त्या सोडून दिल्या जात. कमलाबाईंसारख्या शास्त्रज्ञेने त्यांत लक्ष घातल्यावर त्या कुरकुरीला प्रयोगशाळेचा आधार मिळाला. संस्थेच्या कीमत ह्या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. मराठीतून मुलांसाठीही त्यांनी विज्ञानविषयक लेखन केले. बाजारात स्त्रीचे स्थान केवळ पिशवी घेऊन उभे राहण्याचे आहे, असे मानणाऱ्या व्यापाऱ्यांना ह्या नऊ जणींनी हिशेब विचारावयास सुरुवात केली, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये.

भारतीय महिला शास्त्रज्ञांची इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन ही संघटना १९७३ साली मुंबईत स्थापन झाली. ह्या संघटनेने पुढे कमलाबाईंचा सत्कार केला. सत्काराच्या भाषणात माणसे सहसा जुने कडू प्रसंग गोड करून सांगतात. कमलाबाईंनी तसे केले नाही. रामन थोर शास्त्रज्ञ होते हे सांगून, स्त्रियांच्या बाबतीत त्यांचे मन किती संकुचित होते व तो अपमान आपण विसरू शकलेलो नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले. तोवर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला होता. ह्याला कोणी कटुता म्हणेल. मला तसे वाटत नाही. आपल्याला पुढे यश मिळाले म्हणून आधीचा अन्याय न्याय्य ठरत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होते. ज्या मुलींना ती अट पेलली नाही, ज्या कचेरीच्या दारातूनच परत गेल्या, त्यांची नावे कोणत्याही लेखात येत नाहीत. कमलाबाईंनी तो प्रसंग पुसून टाकला असता तर त्या मुलीही पुसल्या गेल्या असत्या.

देशाला मात्र त्यांचा बराच विसर पडला होता. नव्वदच्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी डॉ. जी. व्ही. सत्यवती ह्या होत्या. कमलाबाई हयात आहेत हे कळल्यावर परिषदेने दिल्ली येथे त्यांचा सत्कार योजिला. वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडलेल्या कमलाबाई त्यासाठी मुंबईहून दिल्लीस गेल्या. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या, आणि त्यानंतर थोड्याच काळाने, १९९८ साली, त्यांचे निधन झाले.